हात खाली येईपर्यंत

आधीच सांगून ठेवतो — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता, आणि आजही नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो ते चुका काढायला. कुणी लिहिलं की 'अमावास्या होती', की मी जुनं कॅलेंडर काढून बसतो. बायको म्हणते, "तुमच्यासमोर देव जरी उभा राहिला ना, तुम्ही त्याले आधार कार्ड मागाल." मागेन. त्यात चुकलं काय?

एकतीस वर्षं मी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. माझं काम एकच — समोर आलेला पीस खराब आहे असं धरून चालायचं, त्याला मापाचं गेज लावायचं, आणि तो चांगला निघालाच तर नाइलाजानं पास करायचा. घरीही तोच स्वभाव आला. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत मी कुणालाच सोडलेलं नाही. तेव्हा हे वाचताना तुम्हाला ज्या ज्या शंका येतील, त्या माझ्या आधीच घेऊन झाल्या आहेत, एवढं लक्षात असू द्या.

आम्हाला एकच मुलगी. रेणुका, घरी रेणू. आता सव्वीस वर्षांची आहे. बी.कॉम. झाल्यावर तिनं मेकअपचा कोर्स केला आणि "इव्हेंटमध्ये काम करते" एवढंच आम्हाला सांगितलं. मी समजलो, नवऱ्या सजवत असेल. ठीक आहे म्हटलं.

मग दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. माझ्याबरोबर काम केलेल्या एका मित्राच्या मुलीचं लग्न होतं, सकाळचा मुहूर्त, वर्धा रोडवरचं लॉन. कमानीपाशी चार सोनेरी बायका चौथऱ्यावर उभ्या होत्या. तुम्हीही पाहिल्या असतील हल्ली लग्नांत — अंगाला, केसांना, साडीला, अगदी पापण्यांनाही रंग लावतात आणि तासन्‌तास न हलता मूर्तीसारखं उभं राहायचं. लोक फोटो काढत होते. एक पाहुणा एकीच्या नाकापुढे गुलाबाची पाकळी फिरवत होता, शिंकते का बघायला. आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलो. "खरी आहे का मेणाची?" असं मीच मोठ्यानं विचारलं. बायकोनं माझा दंड धरला. तिनं आधी ओळखलं होतं. मग मलाही दिसलं — डाव्या भुवईवरची खूण, लहानपणी झोक्यावरून पडल्याची. तिच्यावरही सोनेरी रंग होता.

"रेणू, उतर खाली."

ती उतरली नाही. डोळेसुद्धा हलले नाहीत.

मी तीनदा म्हटलं. लोक जमले. ज्याच्या मुलीचं लग्न तो मित्र धावत आला. आणि चारचौघांत मी बोललो, "नाही उतरत? मग राहा अशीच उभी जन्मभर!" जेवण न करता मी तिथून निघालो. बायको मागून रडत आली.

त्यांच्या धंद्याचा नियम मला नंतर कळला. जी रंगवते तिला ते 'पेंटर' म्हणतात. पेंटरनं घोट्यावर दोन टिचक्या मारल्याशिवाय मूर्तीनं हलायचं नाही. कुणी काही बोलो, पाऊस येवो, बाप येवो. एक हलली तर सगळ्या टीमचं काम जातं. मी मात्र त्या न हलण्याला माज समजलो. त्याच आठवड्यात रेणू मनीषनगरला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली.

आठ महिने आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. बायको फोनवर बोलायची आणि मी टीव्ही बघायचो... म्हणजे टीव्हीचा आवाज बंद करून बघायचो. असंच एकदा दिवाळीच्या सुमाराला फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "रेणू म्हणे, बाबा नुसतं ओव्हर म्हणाले असते तर मी उतरली असती. टीम गेली उडत."

हे 'ओव्हर' काय, ते सांगायला पाहिजे.

रेणू सहा वर्षांची असताना मला सेकंड शिफ्ट असायची. कंपनीची बस चौकात यायची आणि ही दारात टाटा सुरू करायची. टाटा करत करत पार चौकापर्यंत मागे यायची, मग रडारड. एक दिवस बसनं हॉर्न दिला तशी मी दारातूनच ओरडलो — "स्टॅच्यू!" पोरं खेळतात ना, 'स्टॅच्यू' म्हटलं की थिजायचं आणि 'ओव्हर' म्हटलं की सुटायचं, तसं. ती टाटाचा हात वर धरून जागच्या जागी थांबली. मी पळत जाऊन बस पकडली आणि विसरून गेलो.

दीड तासानं कारखान्याच्या गेटवर फोन आला. मला शॉपफ्लोअरवरून बोलावून घेतलं. वाटलं घरी कुणी गेलं. बायको रडकुंडीला आलेली — "अहो, पोरगी दारातून हलूनच नाही राहिली. मी ओव्हर म्हटलं तर म्हणते, ज्यानं स्टॅच्यू म्हटलं त्यानंच म्हणायचं. हात थरथरून राहिला तिचा." मी गेटवरच्या क्लार्कसमोर रिसीव्हरमध्ये "ओव्हर" म्हणालो. बायकोनं वायर दारापर्यंत ओढून रिसीव्हर तिच्या कानाला लावला होता. हात खाली आला. पुढे कितीतरी वर्षं आम्ही त्यावर हसायचो. आठ महिने मात्र मला त्याचं हसू आलं नाही. जन्मभर उभी राहा असं म्हणून मी पुन्हा एकदा बस पकडली होती, आणि ओव्हर म्हणायची लाज वाटत होती. बापाची अक्कड म्हणतात ती हीच.

आता मूळ गोष्ट.

गेल्या वर्षीचा जानेवारी. शुक्रवारी बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "रविवारी रेणू काटोल रोडच्या प्रदर्शनात उभी राहणार आहे. पाय सुजून राहिले तिचे. डॉक्टरनं उभं राहू नको म्हटलं तरी ऐकत नाही. एकदा पाहून तरी या."

"मले काय करायचं आहे तिथं?"

"संत्री घ्यायले जा. मी कुठं म्हटलं पोरीले पाहायले जा?"

तर मी संत्री घ्यायला गेलो.

एका लॉनवर शेतमालाचं प्रदर्शन होतं. काटोलकडचे संत्रावाले, गूळ, हळद, एका बाजूला खाण्याचे स्टॉल. स्वच्छ ऊन, दुपारचे बारा, भरपूर माणसं — म्हणजे तुमच्या अमावास्येचं काही काम नाही. गेटवर दोन चंदेरी मूर्ती होत्या, एकीच्या खांद्यावर नांगर, दुसरीच्या डोक्यावर टोपली. खांदे पाहूनच कळलं, दोघंही पोरगे आहेत. मी डझनभर संत्री घेतली आणि आत गेलो.

भज्यांच्या स्टॉलच्या पलीकडे एक कडुनिंब आहे, त्याच्या बाजूला गोल सिमेंटचा चौथरा. तिथे तिसरी होती. चंदेरी. अंगावर लुगडं, पाय जुळवलेले, आणि उजवा हात खांद्यापर्यंत उचललेला... बोटं किंचित वाकलेली. टाटाचा हात.

माझे पाय तिथेच थांबले.

स्वभावाप्रमाणे मी आधी तपासणी केली. ही खरं तर बघण्यासारखी मूर्ती, मग तिच्याभोवती कुणीच का नाही? लोक प्लेटी घेऊन शेजारून जात होते, एकही मोबाइल वर होत नव्हता. आयोजकांनी आडबाजूला उभी केली असं म्हणून मी ती शंका मिटवली. श्वास दिसतो का ते पाहिलं. दिसला नाही. भुवईवरची खूण शोधली, पण उन्हात चेहरा असा चमकत होता की नजर ठरेना. आणि आता जे आहे ते सांगतो — तो चेहरा रेणूचा होता, असं मी शपथेवर सांगणार नाही. हात मात्र तिचाच होता. तो हात मी कुठेही ओळखेन.

घड्याळ पाहिलं. बारा वाजून वीस मिनिटं. ही सवय कारखान्याची, काही करायच्या आधी वेळ बघायची. मग तिच्या पायाशी जाऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "रेणू, चुकलं माझं. किती उभी राहशील, बाई? ओव्हर. ओव्हर म्हणतो ना मी."

क्षणभर काही झालं नाही. मग हात खाली यायला लागला. फार हळू. बऱ्याच दिवसांनी कोपर वाकवायला जड जावं तसा. पूर्ण खाली आल्यावर ती चौथऱ्यावरून उतरली, माझ्या अगदी जवळून गेली आणि खाण्याच्या स्टॉलमागे वळली. मी मागे गेलो नाही. रंग धुऊन येईल, चारचौघांत पुन्हा तमाशा नको, असा विचार केला. डोळे भरून आले होते, तेही कारण होतं.

बाकावर बसून मी एक संत्रं सोललं आणि तिच्यासाठी ठेवलं. एक वाजला. ती आली नाही.

मग माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. गेटवर एक मुलगी त्या दोघा पोरांना स्ट्रॉनं पाणी पाजत होती, हाताला चंदेरी रंग. तीच पेंटर. तिला विचारलं, "रेणुका कुठं गेली? तुमची तिसरी?"

"तिसरी कोणती, काका? आमचे दोनच आहेत, हे इथले. रेणूताईले काल संध्याकाळीच दुसऱ्या टीममध्ये पाठवलं, पारशिवनीकडे. तिथली एक पोरगी आजारी पडली ना."

"मग झाडाखाली कोण होतं?"

तिनं आधी झाडाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "काका, ऊन लागलं का तुम्हाले? बसा थोडं."

जानेवारीत ऊन! मी तडक चौथऱ्यापाशी गेलो. वर धुळीचा जाड थर होता, कडुनिंबाची पानं त्यात रुतलेली. आणि मधोमध दोन पावलांएवढ्या जागा स्वच्छ होत्या. ठसे म्हणत नाही मी. ठसा धुळीवर उमटतो. इथे धूळ पडलीच नव्हती. वर्षानुवर्षं एका जागी असलेलं कपाट सरकवल्यावर खाली जशी जागा दिसते, तशी.

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, रेणूचा फोन आला होता. खूप रडून राहिली होती. घरी येऊन राहिली ती, तुम्ही लवकर या."

पाच वाजता रेणू आली. कानामागे तांब्यासारखा रंग राहिला होता. मी दार उघडलं. तिनं तोंडही धुतलं नाही, पाणीही घेतलं नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही मले ओव्हर म्हटलं?"

मग मी तिला बसवलं आणि... हो, चौकशी केली. मुलगी आठ महिन्यांनी घरी आलेली आणि बाप विचारतोय, किती वाजता, रंग कोणता, शेजारी कोण होतं. बायको मला आतून हातवारे करून गप्प बसवत होती.

ती पारशिवनीच्या पुढे, पेंचकडच्या एका रिसॉर्टवर लग्नात उभी होती. इथून पन्नासेक किलोमीटर. तांब्याचा रंग, हात वर, स्वागताची पोज. सव्वाबाराच्या पुढे तिच्या कानाशी माझा आवाज आला. "तुम्ही म्हणाले, रेणू, चुकलं माझं. किती उभी राहशील, बाई. ओव्हर. ओव्हर म्हणतो ना मी." शब्द न्‌ शब्द. 'म्हणतो ना मी' सकट. "मले वाटलं मागं उभे आहात तुम्ही. हात खाली आला, बाबा. मी नाही केला, तो आला. तीन वर्षांत पहिल्यांदा मी हलली. नवरीचा काका ओरडला, पेंटर धावली. मी पाहिलं तर मागं कोणीच नाही."

"कोपराजवळचा रंग?" मी विचारलं.

"पूर्ण तडकला. तासभर उभं राहिल्यावर वाकवला की तडकतोच. काहून?"

काटोल रोडवरची ती माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली होती. तिच्या कोपराला एक रेघ नव्हती. आणि रंगाचा वास... एकतीस वर्षं कारखान्याच्या पेंट शॉपच्या शेजारी काढलेला माणूस आहे मी. तिला कसलाच वास नव्हता.

यानंतर तीन दिवस मी मायलेकींवर संशय घेतला. लपवत नाही. दोघींनी मिळून बापाला वठणीवर आणायचा बेत केला असणार. कानात ब्लूटूथ, झाडामागे मैत्रीण, वगैरे. मी रिसॉर्टवरच्या त्या लग्नातल्या एका पाहुण्याचा व्हिडिओ मागवला. त्यात रेणूचा हात खाली येताना दिसतो, आणि मोबाइलमधली वेळ बारा एकवीस. ते मोबाइलचं घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून पाहायला मी त्या माणसाच्या घरी गेलो. त्यानं चहा दिला, पण दार लावताना "विचित्र आहे गा" असं कुणाला तरी म्हणाल्याचं ऐकलं. बेत असेल तर असो. पण मी काय बोलणार हे मला तरी कुठे माहीत होतं? आणि मी बोललो ते ऐकायला त्या झाडाखाली होतं कोण?

शेवटी गुरुवारी पुन्हा लॉनवर गेलो. मांडव निघाला होता. म्हातारा चौकीदार पाइपनं पाणी मारत होता. मी झाडाखालच्या चौथऱ्याबद्दल विचारलं. इथे कधी मूर्ती वगैरे होती का?

त्यानं पाणी बंद केलं. "तुम्ही पण तेच विचारून राहिले? मी दहा साल झाले इथं आहो, साहेब. कधीच मूर्ती नव्हती. पण सोमवारी सकाळी एक बाबाजी आले होते. लई म्हातारे, काठी टेकत टेकत. त्या चौथऱ्यासमोर उभे राहिले आन्‌ मले म्हणे, इथली पोरगी कुठं गेली?"

"पोरगी म्हणाले?"

"हाव ना. मी म्हटलं, बाबाजी, इथं कोणी पोरगी नाही. तर माहा हात धरून रडून राहिले. एकच धोशा — मले उशीर झाला काय गा? मले उशीर झाला काय?"

"कुठले होते? नाव?"

"नाही विचारलं. आटोत बसवून दिलं, गेले."

नाव विचारलं नाही! मी त्या चौकीदारावर चिडलो. मग परतीच्या वाटेवर गाडी बाजूला घेतली. ज्यानं स्टॅच्यू म्हटलं त्यानंच ओव्हर म्हणायचं, हा आमच्या घरचा नियम. मग माझ्या शब्दानं ती कशी उतरली? कुणीही बाप आला तरी चालणार होतं का? त्या म्हाताऱ्यानं तिला कधी उभं केलं असेल, आणि कोणत्या तोंडानं इतकी वर्षं गप्प राहिला असेल? मी आठ महिन्यांत पोहोचलो, तेही संत्र्यांचं निमित्त काढून. तो एक दिवस उशिरा पोहोचला.

त्यानंतर सात-आठ रविवार मी त्या लॉनबाहेर जाऊन बसलो. भेटला असता तर सांगायचं होतं — ती उभी नाही आता, उतरली. म्हातारा दिसला नाही. चौथऱ्यावर आता कुंड्या ठेवल्या आहेत.

खुलासा काही नाही. माझ्या रजिस्टरमध्ये ना पास, ना रिजेक्ट असा हा एकच पीस राहिला. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर लिहा, मी तपासून बघेन. फक्त 'भास' म्हणू नका, व्हिडिओ आहे माझ्याकडे.

रेणू आता घरीच राहते. उभं राहणं डॉक्टरांमुळे सोडलं, तीच आता पेंटर आहे, दुसऱ्या मुलींना रंगवते. घोट्यावर टिचक्या मारायला कधी विसरत नाही, असं तिच्या टीममधल्या मुली सांगतात. आमची भांडणं होतात, रोज होतात. पण मी कुठे बाहेर निघालो की ती दारात येऊन लहानपणीसारखा हात वर करते, मुद्दाम, मला चिडवायला.

तिचा हात खाली येईपर्यंत मी गाडी सुरू करत नाही.